कान आधी बदलला, पाय नंतर

गोव्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादच्या किल्ल्यासमोर, किंवा दक्षिणेला पाळोळेच्या उपसागरात, पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतात, तेव्हा बहुतेकांचे लक्ष पाठीवरच्या कुबडाकडे आणि त्यावरील पंखाकडे जाते. खरे पाहण्यासारखे असते ते शेपटीत. इसवण असो वा मोरी, मासा अंग डावीकडे-उजवीकडे वळवत पोहतो. डॉल्फिन मात्र पाठीचा कणा खाली-वर वाकवतो आणि त्याची शेपटीही आडवी असते. चार पायांवर भरधाव धावणाऱ्या सस्तन प्राण्याचा कणा नेमका याच दिशेने वाकतो. डॉल्फिन, म्हणजे देवमाशांच्याच कुळातला प्राणी, पाण्यात राहूनही जमिनीवरच्या पूर्वजाची चाल चालतो आहे.

हे पूर्वज कोण, याचा पुरावा गोव्यात शोधून उपयोग नाही. आपले धारवाडी खडक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे वा त्याहूनही जुने आहेत, आणि देवमाशांची कथा सुरू होते ती जेमतेम पाच कोटी वर्षांपूर्वी. त्या काळी भारतीय भूखंड आशियाला भिडत होता आणि मधला टेथिस समुद्र आटत चालला होता. त्या उथळ समुद्राच्या आणि त्याला मिळणाऱ्या नद्यांच्या काठचा गाळ आज पाकिस्तानात, जम्मूत आणि कच्छमध्ये खडक होऊन पडला आहे. जगातले सर्वांत जुने देवमासे याच पट्ट्यात सापडतात, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत जितक्या ठळकपणे यायला हवी तितकी येत नाही, असे मला वाटते.

१९८१ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ फिलिप गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाकिस्तानातील कोहाट भागात मिळालेल्या एका कवटीला पाकिसेटस हे नाव दिले. कवटीत पाण्यातल्या प्राण्याची लक्षणे दिसत होती, म्हणून सुरुवातीच्या चित्रांत पाकिसेटसला चक्क पोहताना दाखवले गेले. २००१ मध्ये त्याच्या उर्वरित सांगाड्याचे वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा हा लांडग्याएवढा, सडपातळ पायांचा आणि जमिनीवर सहज चालणारा प्राणी निघाला. मग त्याला देवमासा का म्हणायचे? उत्तर कानात होते. मधल्या कानाला झाकणाऱ्या हाडाची आतली कड देवमाशांमध्ये विलक्षण जाड असते, आणि पाकिसेटसच्या कानात तीच जाडी होती.

या कडेनेच पुढचा दुवाही दिला. ए. रंगा राव या भारतीय भूशास्त्रज्ञांनी जम्मूतील राजौरी जिल्ह्यात कालाकोट येथे जमवलेले खडक त्यांच्या घरी तसेच पडून होते. त्यांच्या पश्चात पत्नीने ते जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेवीसेन यांच्या हवाली केले. खडकातून कवटी मोकळी करताना तंत्रज्ञाच्या हातून कानाच्या हाडाचा तुकडा चुकून निखळला आणि तुटलेल्या जागी तीच जाड कड उघडी पडली. इंडोह्यूस नावाचा हा प्राणी मांजराहून फारसा मोठा नव्हता, त्याला खूर होते आणि तो दिसायला पिसोरीसारखा (माउस डिअर) असावा, तीच पिसोरी जी म्हादईच्या रानात अजून आढळते. त्याच्या पायांची हाडे मात्र आतून भरीव होती, म्हणजे पाण्यात उतरल्यावर अंग तरंगू नये इतकी जड. आफ्रिकेतील पाण्याकाठची पिसोरी आजही शिकारी दिसताच पाण्यात दडी मारते. इंडोह्यूसही तसेच करत असावा, असा थेवीसेन यांचा २००७ मधील तर्क आहे. तो देवमाशांचा थेट पूर्वज नव्हे, तर पूर्वजाचा जवळचा भाऊबंद.

हवेतला आवाज कानाच्या पडद्यावर आदळून आत जातो. पाण्यात ही व्यवस्था कोलमडते, कारण शरीराचे मांस आणि पाणी यांच्या घनतेत फारसा फरक नसल्याने आवाज सगळ्या कवटीतून शिरतो आणि तो कुठल्या बाजूने आला हे कळत नाही. आजचा डॉल्फिन खालच्या जबड्यातून ऐकतो: जबड्याच्या पोकळीतली चरबी कंप थेट कानापर्यंत नेते, आणि कानाची हाडे कवटीपासून सुटी झालेली असतात. या चरबीला जागा देणारे जबड्यातले छिद्र पाकिसेटसमध्ये लहान आहे, मगरीसारख्या दबा धरून बसणाऱ्या अँब्युलोसेटसमध्ये ते वाढलेले दिसते, आणि कच्छच्या रेमिंगटोनोसेटसमध्ये त्याहून मोठे. या तिघांनाही चार पाय होते, आणि ते अंगाचा भार पेलणारे होते. देवमासा पायांनी नव्हे, कानाने समुद्रात शिरला, असे म्हणायला मला तरी हरकत वाटत नाही.

पायांबाबतचा वाद वेगळाच होता. देवमाशाचे नाते नेमके कोणाशी, यावर हाडांचे अभ्यासक आणि डीएनएचे अभ्यासक बरीच वर्षे भांडत होते. डीएनए पाणघोड्याकडे बोट दाखवत होता. २००१ मध्ये पाकिस्तानातून आद्य देवमाशांच्या घोट्याची हाडे मिळाली आणि त्यांची दोन्ही टोके रहाटाच्या कप्पीसारखी खाचदार होती. अशी दुहेरी कप्पी गाय, हरीण, डुक्कर आणि पाणघोडा या समखुरी प्राण्यांतच आढळते. त्यानंतर वाद जवळपास मिटला.

पुढचा प्रवास झपाट्याचा आहे. इजिप्तच्या वादी अल-हितान या वाळवंटी दरीत बॅसिलोसॉरस या प्राचीन देवमाशाचे पंधरा मीटरहून लांब सांगाडे पडले आहेत. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला गुडघा, घोटा आणि बोटांसह मागचे पाय होते, पण ते इतके लहान की त्यांवर उभे राहणे अशक्यच. नाकपुड्या तोवर तोंडाच्या टोकापासून मागे सरकल्या होत्या, पण माथ्यापर्यंत पोहोचल्या नव्हत्या.

डॉल्फिनच्या गर्भात मागच्या पायांचे अंकुर आजही पहिल्या काही आठवड्यांत फुटतात आणि मग विरून जातात, कारण ते वाढवत नेणारा जनुकीय संदेश तिथे सुरूच होत नाही. कटीची दोन छोटी हाडे मात्र स्नायूंत राहून जातात. ती निरुपयोगी अवशेष आहेत, असे अनेक वर्षे लिहिले गेले. प्रत्यक्षात त्यांना नराच्या जननेंद्रियाचे स्नायू जोडलेले असतात, आणि २०१४ मधील एका अभ्यासानुसार ज्या जातींत माद्यांसाठी नरांची चुरस अधिक, त्यांत ही हाडे शरीराच्या मानाने मोठी आहेत.