ब्रिटनने आइसलँडला ‘दहशतवादी’ ठरवलं होतं का?

आइसलँडच्या २००८ च्या बँकबुडीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर येतं: ब्रिटनने आइसलँडला दहशतवादी देश जाहीर केलं. तसं झालेलं नाही.

८ ऑक्टोबर २००८ ला ब्रिटिश अर्थखात्याने लँड्सबँकी या आइसलँडच्या बँकेची ब्रिटनमधली मालमत्ता गोठवली. याच बँकेच्या ‘आइससेव्ह’ खात्यांत ब्रिटनमधल्या सुमारे तीन लाख लोकांची बचत अडकली होती. आदेश सकाळी १० वाजता निघाला आणि दहाच मिनिटांत लागू झाला.

गैरसमजाचं मूळ हा आदेश ज्या कायद्याखाली निघाला, त्याच्या नावात आहे: ‘दहशतवादविरोध, गुन्हे आणि सुरक्षा कायदा, २००१’. अमेरिकेतल्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर तो घाईने झाला. पण त्याच्या दुसऱ्या भागात दहशतवादाची अटच नाही. परदेशी सरकार किंवा व्यक्तीच्या कृतीने ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेचं नुकसान होतंय, असं अर्थखात्याला सकारण वाटलं तरी पुरे.

म्हणजे कायदा अक्षरशः पाळला गेला. तरीही आइसलँडकरांचा संताप मला रास्त वाटतो. अर्थखात्याच्या संकेतस्थळावर निर्बंधांच्या यादीत लँड्सबँकीचं नाव अल कायदाच्या पंगतीला बसलं होतं! ‘आम्ही दहशतवादी नाही’ म्हणत हजारो सामान्य माणसांनी सह्या केल्या. त्यातल्या बहुतेकांचा बँकेच्या कारभाराशी काडीचाही संबंध नव्हता.

आणि या आदेशाने एकही बँकर तुरुंगात गेला नाही. जून २००९ मध्ये तो मागे घेतला गेला. बँकर गजाआड गेले ते नंतर, आइसलँडच्याच न्यायालयांत, साध्या फौजदारी कायद्याखाली.