मालवण किनाऱ्यावरील बोटसफर

मालवण किनाऱ्यावरील बोटसफर : सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण बंदर, दांडी, तारकर्ली आणि देवबाग येथून छोट्या यांत्रिक बोटीने केली जाणारी समुद्राची व खाडीची सहल. तिची लांबी तासाभरापासून अडीच-तीन तासांपर्यंत असते. सकाळी डॉल्फिन पाहणे, खडकांपाशी मास्क लावून पाण्यात उतरणे, कर्ली नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या बेटावर थांबणे आणि परतताना नदी-समुद्राचा संगम दाखवणे, असा तिचा साधारण क्रम. किनाऱ्यावरच्या फलकांवर यातील प्रत्येक थांब्याला ‘पॉइंट’ म्हणतात आणि दरही पॉइंटच्या हिशेबाने सांगितला जातो. सफर मात्र दरपत्रकावर चालत नाही. ती भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर चालते, आणि हे दोन्ही ज्याला कळते तो बोट हाकतो.

पर्यटक जिला स्पीडबोट म्हणतात ती बहुधा मासेमारीच्या होडीच्याच घडणीची फायबरची बोट असते. मागे पेट्रोलवर चालणारे बाहेरचे इंजिन, आडव्या फळ्यांची किंवा बाकांची बैठक, डोक्यावर कापडी छत. आठ-दहा माणसे बसतात. वेग वाढला की बोटीचे पुढचे टोक उचलले जाते आणि ती पाणी कापण्याऐवजी पाण्यावरून घसरत जाते. अशा वेळी लाटेवरून खाली आपटल्याचा सगळा दणका पुढे बसलेल्यांच्या पाठीला बसतो. फोटोसाठी सर्वांना पुढची जागा हवी असते. कंबरदुखी असलेल्यांनी, वयस्करांनी आणि गरोदर स्त्रियांनी मागे, इंजिनाच्या बाजूला बसावे.

मालवण बंदरातून निघालेली बोट प्रथम सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाला बगल देते. कुरटे बेटावरच्या या किल्ल्याची पायाभरणी छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये केली. सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. किल्ल्यात जाण्याची प्रवासी होडी व तिचे तिकीट वेगळे. सफरीच्या बोटी तटाबाहेरूनच जातात. दांडीच्या किनाऱ्यासमोर पद्मगडाचे छोटे बेट आहे. ते मागे टाकून वायरी, तारकर्ली असा किनारा धरत बोट देवबागला पोहोचते. देवबाग म्हणजे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी यांच्यामध्ये उरलेली माडांची चिंचोळी पट्टी. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की घराच्या पुढच्या दारी समुद्र आणि मागच्या दारी खाडी. समुद्राच्या बाजूने तिची धूप होत असल्याने दगडी बंधारे घालावे लागले आहेत. मुखाच्या पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगवे, त्यापुढे निवतीचा किल्ला आणि संध्याकाळच्या उन्हात पिवळसर चमकणारे निवतीचे खडक. लांबच्या सफरी तिथपर्यंत जातात.

भरतीची वेळ काढण्याची कोकणातली जुनी रीत आजही बोटवाल्यांच्या तोंडी असते : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येत असल्याने हाच आकडा दिवसाला आणि रात्रीला लागू पडतो, फक्त दोन्ही भरत्यांची उंची सारखी नसते. ठोकताळा थोडाफार इकडेतिकडे होतो, पण सहलीचा बेत आखायला तो पुरतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला पाण्याची चढउतार मोठी असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आगेमागे ती कमी, तो भांग. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या वर जातो.

याचा परिणाम थेट सफरीवर होतो. देवबागच्या ‘सुनामी आयलंड’ या वाळूच्या बेटावर उतरायचे तर ओहोटी हवी. आता दिवाळी पाहा. लक्ष्मीपूजन अमावास्येला, म्हणजे पूर्ण भरती अकरा-साडेअकराला. पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी न्याहारी उरकून दहाला किनाऱ्यावर येतात तेव्हा बेट पाण्याखाली जाऊ लागलेले असते, आणि जाहिरातीत दिसणारा वाळूचा पट्टा कुठे गेला म्हणून बोटवाल्याशी वाद होतो. त्या दिवसांत बेट पाहायचे तर सकाळी लवकर नाही तर संध्याकाळी. षष्ठी ते दशमी या तिथींना मात्र ओहोटी भर दिवसा येते. बुकिंग करताना लोक खोलीला एसी आहे का ते विचारतात. तिथी विचारली तर जास्त उपयोग होईल.

दुसरा हिशेब वाऱ्याचा. हिवाळ्यात पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्यालगतचे पाणी सपाट राहते. दुपारच्या सुमारास तो पडतो, समुद्राकडून खारा वारा सुरू होतो आणि पाणी उसळू लागते. म्हणून डॉल्फिन पाहण्याची बोट सकाळी सात-साडेसातला सुटते. सपाट पाण्यावर पाठीचा पर लांबूनही दिसतो. लाटा उठल्या की प्रत्येक लाट डॉल्फिनसारखी भासते.

इथे दिसणारा डॉल्फिन हा प्रामुख्याने हिंदी महासागरातील कुबडवाला डॉल्फिन. स्थानिक मच्छीमार त्याला गादा म्हणतात. पाठीवर कुबडासारखा उंचवटा, त्यावर छोटा पर, रंग राखाडी. तो उथळ पाण्यात, किनाऱ्याला धरून राहतो आणि माशांच्या थव्यामागे नदीच्या मुखांपर्यंत येतो, म्हणूनच तासाभराच्या सफरीतही त्याची भेट होऊ शकते. मत्स्यालयाच्या खेळासारख्या उड्या तो सहसा मारत नाही. पाठ वर येते, श्वास सुटल्याचा फुस्स आवाज होतो, आणि दोन-तीन वेळा असे झाल्यावर तो काही मिनिटे गडप होतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत तो असल्याने त्याचा पाठलाग करणे किंवा त्याला त्रास देणे हा गुन्हा आहे. प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशी एक कळप दिसला की चार-पाच बोटी त्याला घेरतात. जाणकार तांडेल (बोट हाकणारा) कळपाच्या वाटेत न शिरता बाजूला इंजिन मंद करतो आणि थांबतो. अशा बोटीजवळ डॉल्फिन जास्त वेळ राहतात, हे त्यालाही ठाऊक असते. घाई बहुधा बोटीत बसलेल्यांना असते.

पोहण्याचा भाग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत होतो. जलदुर्गासाठी ही जागा निवडण्यामागे हेच खडक होते : वाट माहीत नसलेले मोठे जहाज तटापर्यंत येऊच शकत नाही. आता त्याच बुडालेल्या खडकांवर प्रवाळ व मासे पाहायला बोटी नांगर टाकतात. पाणी बहुतेक ठिकाणी दीड-दोन पुरुष. पोहता न येणाऱ्यालाही उतरवले जाते, कारण पद्धत सोपी आहे. लाइफ जॅकेट घालून हवा भरलेल्या रिंगला धरायचे, मास्क डोळे-नाकावर बसवायचा, तोंडात नळी धरून चेहरा पाण्यात घालायचा. सोबतचा पोरगा रिंग ओढत खडकावरून फिरवतो. नाक मास्कमध्ये बंद असते, श्वास तोंडानेच घ्यायचा. पहिली दोन मिनिटे जवळपास प्रत्येक जण घाबरून डोके वर काढतो. मास्कच्या रबरी कडेखाली केसांची बट आली की पाणी आत झिरपते; दाट मिशीवाल्यांचे तर मास्क बसता बसत नाहीत. त्यावर कडेला व्हॅसलिन चोपडणे हा इथला उपाय.

खाली दिसते ते छायाचित्रातल्या अंदमानसारखे नसते. मालवणचे प्रवाळ पसरट व गोळ्यांसारखे, रंगाने मातकट-हिरवट. पावसाळ्यात नद्यांचा गाळ आणि गोडे पाणी सोसून राहिलेले. त्यांच्या मध्ये सारगॅसम या तपकिरी शेवाळाची रान माजल्यासारखी वाढ, फटींत काटेरी समुद्री अर्चिन, वर पट्टेदार सार्जंट मासे, फुलपाखरू मासे, कधी पोपटमासा. पावसाळा संपल्यावर गाळ बसायला काही आठवडे जातात, त्यामुळे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतचे पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. मासे जवळ यावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती वाईट आहे. मासे शेवाळ कुरतडायचे सोडून पावाभोवती जमतात आणि प्रवाळांवर शेवाळ चढते. खडकावर उभे राहणे त्याहून वाईट. प्रवाळही पहिल्या अनुसूचीत आहेत. तुकडा तोडून आणणे बेकायदा आहे.

किल्ल्याच्या आणि पद्मगडाच्या भोवतीचे पाणी १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौ. किमी., त्यातील गाभाक्षेत्र ३.१८ चौ. किमी. घोषणेला मच्छीमारांचा विरोध होता, कारण ही त्यांची रोजची मासेमारीची जागा. मजा अशी की बोटसफरीचा धंदाही त्याच समाजाने उभा केला. सिंधुदुर्ग हा १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, कोकण रेल्वे कुडाळपर्यंत आली, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला निवासव्यवस्था आणि पुढे स्कूबा प्रशिक्षण केंद्र काढले. या पर्यटकांना समुद्रात नेणारी माणसे आली ती बव्हंशी गाबीत या मच्छीमार समाजाच्या वस्तीतून. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्या, होडीवर जाणाऱ्या घरांतील पोरांनी होडीवर छत आणि बाक चढवले. खडक कुठे वर येतो, मुखातली वाळू यंदा कोणत्या बाजूला सरकली, जाळ्यांचे बोये कुठे आहेत, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीच होते.

सुनामी आयलंड हे कर्लीच्या मुखातले वाळूचे बेट. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले असे सांगितले जाते आणि नाव त्यावरूनच पडले. नदीने आणलेली वाळू आणि समुद्राच्या लाटा यांच्या खेळातून मुखाशी असे बांध तयार होतात व सरकत राहतात, त्यामुळे बेटाचा आकार दर मोसमात बदलतो. इथे जेट स्की, बनाना राइड, बंपर राइड चालतात. ओहोटीला वाळूवर चहा-भजीच्या टपऱ्या लागतात. पोटरीएवढ्या पाण्यात बसून राहण्यात जे सुख आहे ते या सगळ्या राइड्सच्या गोंगाटात हरवते, हे प्रस्तुत लेखकाचे मत. गर्दी मात्र राइड्सनाच असते.

संगमाचे पाणी दिसायला शांत आणि पोहायला धोक्याचे. ओहोटीला खाडीतले सगळे पाणी अरुंद मुखातून समुद्राकडे धावते आणि पट्टीचा पोहणाराही त्याला तोंड देऊ शकत नाही. त्यात समोरून लाटा आल्या तर मुखावर त्या उभ्या राहून फुटतात. बोट आत घेताना तांडेल बाहेर थांबतो, येणाऱ्या लाटा पाहतो, एखादी मोठी लाट पुढे जाऊ देतो आणि तिच्या पाठीमागे इंजिन वाढवून मुख ओलांडतो. या मिनिटभरात बोटीत कोणी फोटोसाठी उभे राहू नये. लाट आडवी लागली तर वजन एका बाजूला जाऊन बोट कलंडते.

२४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट किनाऱ्यानजीक उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात समुद्राला पावसाळी फुगवटा येऊ लागतो आणि धंद्याचे शेवटचे दिवस म्हणून गर्दीही असते. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात घारापुरीकडे जाणाऱ्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून दहाहून अधिक लोक मरण पावले, त्यानंतर राज्यभर लाइफ जॅकेटची सक्ती कडक झाली. प्रवासी बोटींची तपासणी, परवाना आणि किती माणसे न्यायची याची मर्यादा महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असते. जॅकेट अंगात घालून सर्व पट्टे लावलेले असावेत. नुसते गळ्यात अडकवलेले जॅकेट पाण्यात पडताच डोक्यावरून निघून जाते. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालणे ही हमखास दिसणारी चूक.

मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सफरी बंद असतात. बोटी किनाऱ्यावर ओढून, इंजिने उतरवून झाकून ठेवतात. सप्टेंबरमध्ये समुद्र उतरला की सफरी पुन्हा सुरू होतात, पण पाणी गढूळ असल्याने सुरुवातीचे आठवडे डॉल्फिन आणि खाडीपुरतेच.

अशाच सफरी दापोली तालुक्यातील मुरुड, कर्दे, हर्णै येथे डॉल्फिनसाठी, तर गोव्यात सिकेरी, नेरूळचा कोको किनारा आणि वास्कोसमोरील ग्रँड आयलंड येथे चालतात. इंजिनाचा आवाज नको असेल तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या स्त्रिया वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. तिथे पाण्यात उतरण्याची सोय नाही. कांदळवनाच्या जाती, त्यांची श्वसनमुळे, खेकड्यांची बिळे आणि पक्षी दाखवले जातात. ती सफरही भरतीची वेळ पाहूनच सुटते.