सुट्ट्या पैशांतील रुपेरी नाणी

चिल्लरीत हाती आलेले वेगळे, पांढऱ्या धातूचे नाणे चांदीचे आहे का, हे त्यावरील वर्ष, वजन आणि आवाज यांवरून ओळखता येते. नुसत्या चकाकीवर भरवसा ठेवू नये. स्वातंत्र्यानंतरची बहुतेक पांढरी नाणी निकेल, तांबे-निकेल, अॅल्युमिनियम किंवा पोलादाची आहेत.

सोलापुरात ही ओळख दुहेरी करावी लागते. सोलापूर ब्रिटिश अमलाखाली होते, तर जवळचे तुळजापूर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे इथल्या जुन्या घरांत राणीछाप रुपयाशेजारी चारमिनारचा ‘हाली’ रुपयाही निघू शकतो. त्यावरील सन हिजरी व आकडे फारसी असल्याने अनेकजण ते परदेशी नाणे समजतात. चारमिनारच्या मधल्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर असेल तर नाणे उस्मान अली खानाचे, ‘मीम’ असेल तर महबूब अली खानाचे. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम असते.

ब्रिटिश रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयात सुमारे ९१.७ टक्के चांदी होती. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली, पण वजन तेच राहिले. १९४७ चा वाघाचा रुपया मात्र शुद्ध निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. इथेच पुष्कळांची फसगत होते, कारण १९७५ पासूनचे तांबे-निकेलचे रुपयेही चिकटत नाहीत. लोहचुंबक काय नाही तेवढे सांगतो. काय आहे ते तराजू सांगतो. १९३९ पर्यंतचा एक तोळा वजनाचा रुपया पाण्यात बुडवला तर सुमारे १.१३ घनसेंमी पाणी सरते. तेवढ्याच वजनाचे तांबे-निकेल १.३ घनसेंमीच्या आसपास सारते. घरच्या मापाने एवढा फरक हाती लागत नाही, सराफाचा काटा मात्र तो दाखवतो.

आवाजाची खूण भाषेतही उतरली आहे. ‘खणखणीत नाणे’ म्हणतात ते चांदीच्या लांब घुमणाऱ्या नादावरून. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने हलके टिचकावे. फरशीवर आपटल्यास कडेला खोक पडते.

गांधी जन्मशताब्दीची, १९६९ ची नाणी सर्वाधिक गोंधळ घालतात. गांधीजींचे चित्र असलेला एक रुपया निकेलचा, दहा रुपयांचे नाणे मात्र ८० टक्के चांदीचे, १५ ग्रॅमचे आणि ३४ मिमी व्यासाचे. चित्रापेक्षा मूल्य आधी वाचावे. नंतरचे अकरा बाजूंचे दोन रुपयांचे नाणे चांदीचे नाही. आखातातून परतलेल्यांच्या खिशातला, कॉफीच्या सुरईचे चित्र असलेला अमिरातीचा दिरहमही नाही. ‘१८१८’ असे वर्ष घातलेले, रामदरबार किंवा हनुमान असलेले ‘ईस्ट इंडिया कंपनी’चे नाणे तर नाणेच नव्हे, कंपनीने असे काही पाडले नव्हते.

नाणे सापडले की चिंच, लिंबू वा राखेने घासू नये. चांदीवरचा काळपट थर हाच संग्राहकांच्या लेखी त्याचा अस्सलपणा. घासल्याने त्याचे मोल उतरते आणि बारीक अक्षरेही झिजतात. कसोटीच्या दगडावर ओढायचेच असेल तर फक्त कडेने, आणि तेही वजन जुळल्यावरच. चांदी निघाली तरी वितळवण्याआधी वर्ष व टांकसाळीची खूण नोंदवून घ्यावी, कारण काही वर्षांचे रुपये, विशेषतः १९३९ चा, चांदीच्या भावाच्या कितीतरी वर विकले जातात.