आर्यभटाची 3600 वर्षं आणि एकाच वर्षाची कितीतरी नावं

"कलियुग इ.स.पू. 3102 ला सुरू झालं हे सायन्सने सिद्ध केलंय" असा फॉरवर्ड परत एकदा आला, म्हणून हे लिहितोय. या तारखेमागचं खरं गणित त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे!

आर्यभट सांगतो की कलियुगाची 60 गुणिले 60 वर्षं गेली तेव्हा माझ्या जन्माला 23 वर्षं झाली होती. हे साल म्हणजे इ.स. 499. पण 3102 अधिक 499 तर 3601 होतात ना? होतात, पण इसवी सनात शून्य साल नाहीच, इ.स.पू. 1 संपलं की थेट इ.स. 1, त्यामुळे एक वजा, बरोब्बर 3600.

आता माझा आवडता भाग. त्याच्या हिशोबात एका महायुगाचे, म्हणजे 43,20,000 वर्षांचे दिवस 1,57,79,17,500. आपल्याला हवीत 3600 वर्षं, म्हणजे 1200 ने भागा, आले 13,14,931 दिवस आणि वर पाव दिवस. कलियुगाची सुरुवात शुक्रवारी सूर्योदयाला धरलेली, दिवसांना 7 ने भागून बाकी उरते 2, म्हणजे रविवार, आणि तो पाव दिवस मिळवला की भर दुपार. 21 मार्च 499, रविवार, दुपारी बारा! आणि वसंतसंपात, म्हणजे मार्चमधला दिवस-रात्र सारखे असण्याचा क्षण, पण त्याच सुमाराचा. म्हणजे कलीचा आरंभ गणिताने मागे जाऊन काढलेला बिंदू आहे, कुणी बघून टिपून ठेवलेली घटना नाही, त्यामुळे त्यावरून कलियुगाशी जोडल्या जाणाऱ्या महाभारताची तारीख "सिद्ध" होत नाही.

आपल्याकडे ज्योतिषी गत वर्षं मोजायचे, म्हणजे पहिला वाढदिवस होईपर्यंत बाळाचं वय शून्य, तसंच. म्हणून याच 499 सालाचं नाव शके 421, म्हणजे 421 पूर्ण झालेली. इजिप्तमध्ये मात्र तेव्हा रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या नावाच्या सनाचं 215 वं वर्ष चालू होतं, चालू म्हणजे अजून संपायचं होतं, आणि ते सुरू झालेलं ऑगस्टमध्ये. एडेसात (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) सेल्युसिड सनाचं 810, ते ऑक्टोबरपासून. चीनमध्ये तर राजाच्या काळाला दिलेल्या नावाने वर्षं मोजायचे, उत्तरेत ताइहे 23 आणि दक्षिणेत योंगयुआन 1, दोन राजे म्हणून दोन आकडे. आपल्या कोकणात त्रैकूटक घराण्याचा वेगळाच संवत, कान्हेरीला सापडलेल्या ताम्रपटावर 245 हे साल आहे, म्हणजे याच्या जेमतेम पाचेक वर्षं आधीचं.

आणि "499" असं त्या वर्षी कुणीच म्हणत नव्हतं. डायोनिसियस नावाच्या रोममधल्या साधूने 525 मध्ये ईस्टरचा तक्ता करायला घेतला, त्याला ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या डायोक्लेशियनच्या नावाने वर्षं मोजायची नव्हती, म्हणून त्याने डायोक्लेशियनच्या 248 च्या जागी ख्रिस्तजन्मापासूनचं 532 लिहिलं.