निकामी झालेल्या किडनीकडेही लक्ष हवं

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर गेला, की डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या घरात सगळा हिशेब पाण्याचा होतो. दिवसभरात किती घोट झाले, दोन डायलिसिसच्या मध्ये वजन किती वाढलं, शेंगाचटणी चिमूटभर तरी चालेल का. मोहोळ-मंगळवेढ्याहून एसटीने ये-जा करणाऱ्यांना शिवाय हातातला फिश्चुला, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेली रक्तवाहिनी, जपायचा असतो. या धबडग्यात खुद्द किडनीचा विचार मागे पडतो. ‘किडनी गेली’ असं घरात ठरून गेलेलं असतं. पण ती पोटातच असते, आणि तिच्या आत बदल चालूच राहतात.

हे 1977 मध्ये नीट लक्षात आलं. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी बराच काळ हिमोडायलिसिसवर, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करण्याच्या उपचारावर, असलेल्या 30 रुग्णांच्या किडन्या तपासल्या. 14 जणांच्या किडन्यांत पाण्याने भरलेल्या पुष्कळ गाठी, म्हणजे सिस्ट, होत्या आणि त्यांतल्या काहींत ट्यूमरही. हा आनुवंशिक सिस्टचा आजार नव्हे, हा नंतर जडलेला. डायलिसिसची वर्षं वाढतात तसं त्याचं प्रमाण वाढतं. दहा वर्षं उलटलेल्या बहुतेकांच्या किडनीत अशा सिस्ट सापडतात.

त्या होतात कशा? किडनीत रक्त गाळणारे लाखो बारीक घटक असतात. बरेचसे मेले, की उरलेल्यांवर भार येतो, वाढीचे संदेश देणारी रसायनं जास्त स्रवतात आणि सूक्ष्म नलिकांच्या अस्तरातल्या पेशी भराभर विभागू लागतात. नलिका फुगतात, त्यांची सिस्ट होते. पेशी जितक्या वेळा विभागतील, तितकी जनुकांत चूक होण्याची शक्यता अधिक. अशाच एखाद्या चुकीतून कर्करोग सुरू होतो. शरीरात साचणारी विषारी द्रव्यंही त्यात भर घालत असावीत. या सिस्टशी निगडित कर्करोगाचा एक खास प्रकारच असतो. त्याच्या पेशींमध्ये ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात, आणि 2016 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. यात मशीनचा दोष नाही. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांतही सिस्ट होतात, डायलिसिस सुरू होण्याआधीही त्यांची सुरुवात झालेली असते. हे वाचून कुणी डायलिसिस चुकवू नये. त्यात जिवाला थेट धोका आहे.

मग धोका किती? अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या आठ लाखांहून अधिक डायलिसिस रुग्णांच्या नोंदींवरचा अभ्यास 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. किडनीच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वसामान्य लोकांपेक्षा साडेतीन पटींच्या आसपास निघालं. ऐकायला भीती वाटते, पण मुळात हा कर्करोग फारसा आढळणारा नाही. सिस्ट असलेल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा धोका मात्र आणखी वाढतो.

अडचण आहे ती ओळखण्याची. लघवीतून रक्त जाणं ही नेहमीची खूण, पण ज्याला लघवीच होत नाही त्याला ती दिसणार कशी? कुशीत अचानक जोराची कळ येऊन एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) आणि बीपी घसरलं, तर सिस्ट फुटून आत रक्तस्राव झालेला असू शकतो; तेव्हा लगेच दवाखाना गाठावा. दुसरी खूण याच्या अगदी उलट आहे. रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिन किडनीतच तयार होतं, म्हणून या रुग्णांचं एचबी कमी असतं आणि त्यासाठी इंजेक्शनं घ्यावी लागतात. ती न वाढवताच एचबी चढू लागलं, तर घरचे खूश होतात. पण कधी कधी सिस्ट किंवा ट्यूमरच ते संप्रेरक बनवत असतात. अशा वेळी डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल जरूर विचारावं.

सरसकट सगळ्यांची दरवर्षी तपासणी करावी का, यावर मतभेद आहेत. वय झालेल्या, हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला या गाठीपेक्षा हृदयविकाराचा आणि जंतुसंसर्गाचा धोका कितीतरी मोठा असतो. पण यंत्रमागावर काम करणारा पस्तिशीतला तरुण पाच वर्षं डायलिसिसवर असेल, प्रत्यारोपणाची वाट पाहत असेल, तर त्याची सोनोग्राफी व्हायलाच हवी, असं मला ठामपणे वाटतं. शंका आली तर सीटी स्कॅन. जिल्ह्यातच, बार्शीला, नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय आहे. पण तिथवर जाण्यासाठी गाठ आधी दिसायला तर हवी. लहान असताना सापडली, तर ती किडनी काढून टाकल्यावर बहुतेकांचं चांगलं होतं. काम करत नसलेली किडनी काढल्याने डायलिसिस वाढतोच असं नाही. मात्र थोडी लघवी होत असेल, तर ती कमी होईल किंवा थांबेल, हे आधी समजून घ्यावं.

प्रत्यारोपणानंतर सिस्ट सहसा आक्रसतात, पण कर्करोगाचा धोका पुरता जात नाही, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू असतात. नवी किडनी ओटीपोटात बसवतात आणि जुन्या दोन्ही बहुधा तशाच ठेवतात. सोनोग्राफीत सगळ्यांची नजर नव्या किडनीवर असते. म्हणून चिठ्ठीवर ‘जुन्या किडन्याही पाहाव्यात’ एवढं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.