टाक्यांच्या बांधापलीकडचं जुनं हृदय

चवथीला फोंड्यात मामाकडे आरती झाली, घुमटं कोपऱ्यात ठेवली गेली आणि गप्पा एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर आल्या. हृदय बदललेल्या माणसाला म्हणे दात्याच्या आठवणी येतात, त्याच्या आवडीनिवडी लागतात. माझं मत मी तिथंच सांगितलं: आठवणी मेंदूत असतात, आणि दात्याच्या हृदयाकडे येणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तर ते काढतानाच कापल्या जातात. असे मेसेज पुढे पाठवल्यानं अवयवदानाला तयार होणारं घर बिचकतं, याचा मला राग येतो. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा ४ फेब्रुवारी १९९५ रोजी लागू झाला, तेव्हा सुरुवातीच्या तीन राज्यांत आपला गोवा होता. बांबोळीच्या गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातून, दात्यांचे अवयव विमानानं बाहेरगावीही गेले आहेत.

खरी गोष्ट त्या मेसेजपेक्षा अद्भुत आहे. नसा तुटल्या तरी नवं हृदय चालतं, कारण ठोक्याची सुरुवात हृदयातच होते. उजव्या अलिंदात, म्हणजे उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात, सायनस नोड नावाचा पेशींचा पुंजका असतो. तो आपणहून विजेची लाट सोडतो. त्याला आवरून धरणारी व्हेगस नस आता नसल्यामुळे नवं हृदय विश्रांतीतही मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं.

आता जुन्या हृदयाचं. १९६० साली अमेरिकेत लोअर आणि शमवे या सर्जननी प्रत्यारोपणाची जी रीत प्रसिद्ध केली, तिच्यात जुनं हृदय पूर्ण काढत नाहीत. अलिंदांच्या मागच्या भिंती जागेवर ठेवून त्यांना नवं हृदय शिवतात. उजव्या भिंतीबरोबर जुना सायनस नोडही राहतो. म्हणजे एका छातीत दोन नोड! ईसीजीवर कधी कधी दोन वेगवेगळ्या पी-लहरी, म्हणजे अलिंदातल्या विजेच्या खुणा, दिसतात. जुन्याच्या नसा शाबूत असतात, म्हणून जिना चढताना तो लगेच वेग घेतो; नवा मात्र रक्तातून अ‍ॅड्रेनलिन पोचेपर्यंत मागेच राहतो. हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती. आजकाल बहुतेक ठिकाणी उजवं अलिंद अखंड बसवतात, तेव्हा ही जोडी राहत नाही.

दोघांमधली टाक्यांची रेघ म्हणजे व्रण, आणि व्रणातून वीज जात नाही. आपल्या खाजनातला बांध आठवा: एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भात. खेकड्यानं एक बीळ पाडलं तरी पाणी आत येतं. तसंच क्वचित या व्रणातून जिवंत पेशींची बारीक वाट तयार होते. पलीकडच्या जुन्या तुकड्याची बेताल धडधड त्या वाटेनं अलीकडे शिरते आणि नवं हृदय उधळतं.

दुसरा, जास्त आढळणारा प्रकार फ्लटरचा. व्रणाला किंवा झडपेच्या कड्याला वळसा घालून लाट गोल फिरत राहते. लाट फेरी पुरी करून परत पोचेपर्यंत पुढच्या पेशी विश्रांती घेऊन ताज्या झालेल्या असतात, म्हणून ती विझत नाही. अलिंद मिनिटाला साधारण ३०० वेळा आकुंचन पावतं. अलिंदं आणि खालचे कप्पे यांच्यामधला विजेचा नाका, एव्ही नोड, दर दुसरी लाट अडवतो, म्हणून नाडी १५० च्या आसपास लागते.

अशी धडधड सुरू झाली की डॉक्टर आधी शरीर नवं हृदय नाकारत तर नाही ना, हे पाहतात. त्यासाठी बायोप्सीही करतात. नकार असेल तर उपचार त्याचा. तो नसेल आणि लय सुधारत नसेल, तर कॅथेटर अ‍ॅब्लेशनचा विचार होतो. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात. कुठल्या जागी वीज किती मिलिसेकंदांनी पोचते हे मोजत संगणकावर अलिंदाचा रंगीत नकाशा तयार होतो. फ्लटरमध्ये बहुधा झडप आणि खालच्या महाशिरेमधल्या अरुंद पट्टीवर नळीच्या टोकानं आडवी रेघ भाजतात. ऊती ५० अंश सेल्सिअसच्या वर तापली की तिथल्या पेशी कायमच्या मरतात, आणि गोल फिरणाऱ्या लाटेचा रस्ता तुटतो.

बांधातलं बीळ मात्र वेगळ्या तऱ्हेनं सापडतं. नव्या बाजूला टाक्यांलगत जिथं लाट सर्वांत आधी उमटते, तिथंच वाट असते. काही मिलिमीटरांचा तो ठिपका भाजला की नव्या हृदयाचा ठोका पुन्हा त्याच्याच नोडच्या हाती येतो. जुना तुकडा पलीकडे फडफडतच असतो. यंत्रावर त्याचे संकेत तेव्हाही दिसतात, फक्त अलीकडे येत नाहीत.