सिंथेसायझरवरील नादघडण

सिंथेसायझरवर निवडलेल्या आवाजाचा पोत, त्याचा उठाव-विराम आणि त्यातला हेलकावा नॉब, स्लाईडर, चाक किंवा पेडल यांनी बदलत नेण्याची क्रिया. यंत्रातला तयार ‘टोन’ ही केवळ सुरुवात असते; तो ऐकवण्याजोगा होतो तो या नियंत्रणांमुळे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशच्या पट्ट्यात लग्नाची वरात असो की श्रावणातली कानबाई देवीची मिरवणूक, बँडच्या गाडीवरच्या एकाच कीबोर्डकडून सनई, बासरी, क्लॅरिनेट आणि पावरी (आदिवासींचे फुंकीचे वाद्य) या सगळ्यांची अपेक्षा असते. म्हणून हे कौशल्य तिथल्या वादकाला आलेच पाहिजे.

रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये विद्युतदाबाने नियंत्रित होणारे सिंथेसायझरचे भाग तयार केले. १९७० च्या मिनीमूगमध्ये ते एका पेटीत आले आणि डाव्या हाताशी दोन चाके बसली : एक सूर वाकवायचे, दुसरे मॉड्युलेशनचे, म्हणजे आवाजात हेलकावा आणायचे. १९८३ मध्ये मिडी प्रणाली आली आणि वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली.

आवाज घडवण्यात फिल्टरला मोठे स्थान आहे. ‘कटऑफ’ ही त्याची गाळण्याची सीमा. ती खाली आणली की वरच्या कंप्रता गाळल्या जाऊन आवाज मऊ, दबका होतो; वर नेली की तो उघडतो. ‘रेझोनन्स’ कटऑफजवळच्या कंप्रता उठवतो. फार वाढवला तर शिट्टीसारखी धार येते. घरी हेडफोनवर गोड वाटलेला दबका टोन वरातीत हरवतो, कारण गाडीवरचे भोंगे खर्जाचा भाग फारसा देत नाहीत आणि मधल्या पट्टीत ढोल-ताशांचा गलका असतो. अशा वेळी आवाज नुसता मोठा करण्यापेक्षा कटऑफ थोडा उघडणे जास्त उपयोगी पडते.

‘एन्व्हलप’ आवाजाचा काळातला आकार ठरवतो : अटॅक म्हणजे उठायला लागणारा वेळ, डीके म्हणजे शिखरावरून उतरण्याचा वेळ, सस्टेन म्हणजे कळ दाबून धरली असताना टिकणारी पातळी आणि रिलीज म्हणजे कळ सोडल्यावर विरण्याचा वेळ. सस्टेन ही पातळी आहे, बाकीचे तीन काळ आहेत; नवशिके इथेच गोंधळतात. द्रुत लयीच्या नाचगाण्यात रिलीज लांब ठेवला तर सूर एकमेकांत मिसळून चाल पुसट होते.

‘एलएफओ’ हा साधारणपणे २० हर्ट्झच्या खालचा मंद दोलक आहे. तो स्वतः ऐकू येत नाही. दुसऱ्या गुणाला हलवतो. सुराला जोडला तर कंप, पातळीला जोडला तर थरथर, फिल्टरला जोडला तर ‘वॉव-वॉव’ असा घुमारा येतो. सुराचा कंप सेकंदाला पाच ते सात हेलकाव्यांच्या आसपास स्वाभाविक वाटतो. तो पहिल्या क्षणापासून चालू ठेवू नये. सूर स्थिरावल्यावर मॉड्युलेशनचे चाक हळूहळू पुढे सरकवावे, फुंकीच्या वाद्यांत कंप असाच उमलतो.

सनई वठवायची तर एन्व्हलपचा अटॅक थोडासा, सस्टेन भरपूर ठेवतात आणि वाद्य ‘मोनो’ करतात, म्हणजे दोन कळा एकदम दाबल्या गेल्या तरी सूर एकच राहतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, मात्र बेंडरवर, म्हणजे सूर वाकवायच्या चाकावर येते. बहुतेक कीबोर्डांवर त्याची मूळ मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची असते. लांब मींडेसाठी ती वाढवतात, पण मग बोटाची जरा चूकही मोठी ऐकू येते. मिडीत साध्या नियंत्रणांना ० ते १२७ अशा १२८ पायऱ्या असतात, तर बेंडरला १६,३८४, कारण सुरातली पायरी कान लगेच पकडतो.

नंदुरबारच्या आदिवासी भागातल्या पावरीचा आवाज वठवणे फार अवघड. दुधी भोपळ्याच्या पोटातून घुमणारा तो नाद एका टोनने येत नाही. खाली एक सूर धरून ठेवायचा, वर चाल वाजवायची आणि फिल्टर मध्यावर ठेवून रेझोनन्स किंचित वाढवायचा, असा एक मार्ग आहे. फुंकीचा दाब बदलल्याचा भास हवा असेल तर कटऑफ सतत थोडा हलता ठेवावा लागतो. वादकाचा कस इथेच लागतो.

पुष्कळ कीबोर्डांवर टोन बदलताच केलेली जुळवणी नाहीशी होते. ती यूजर मेमरीत साठवावी लागते, आणि वरातीत पुढच्या गाण्याला ती एका बटणावर मिळावी म्हणून गाण्यांच्या क्रमानेच साठवणे सोयीचे असते.